ते ७१ कुणाचे?

ताई,

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. पहिलीपासून नववीपर्यंत ती घरीच शिकली. मी नोकरी सोडून तिला शिकवलं. ‘पोरीचं वाटोळं करणार ही’ असं सासरी-माहेरी दोन्हीकडे बोललं गेलं, ते ऐकून घेतलं. या ऑगस्टपासून ती ड्युअल क्रेडिटमधून इथल्या कम्युनिटी कॉलेजात दोन विषय घेते आहे, इंग्लिश १३०१ आणि कॉलेज अल्जिब्रा. प्रवेशाची चाचणी ती पहिल्या फटक्यात पास झाली, त्या दिवशी मी गाडीत बसून रडले. तिच्या आयडी कार्डाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. तासाभराने मावससासूबाईंचा मेसेज आला, ‘कॉलेज म्हणजे ते कम्युनिटी कॉलेज ना?’

तेही सोडून दिलं. पण पुढचं सोडवत नाही. पोर्टलचा पासवर्ड मीच तयार केला होता, फॉर्मही मीच भरले होते, त्यामुळे रोज रात्री मी तिचं ग्रेडबुक उघडायचे. मागच्या महिन्यात पहिल्या निबंधाला ७१ दिसले. सकाळी चहा गाळता गाळता मी म्हटलं, ‘सेव्हन्टी-वन कसे गं?’ तिने ते अजून पाहिलेच नव्हते. ती उठून खोलीत गेली. मी प्राध्यापिकेला ईमेल केली, तर विद्यार्थिनीबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही, असं एका ओळीचं उत्तर आलं. लेकीला ते कळलं आणि त्याच संध्याकाळी तिने पासवर्ड बदलला.

आणि आता कळलं की आपण घरी शिकलो हे तिने वर्गात कुणाला सांगितलेलंच नाही. कुठल्या हायस्कूलची म्हणून एका मुलीने विचारलं, तर ही म्हणाली, ‘एक छोटीशी प्रायव्हेट शाळा आहे.’ मंगळवार-गुरुवार तिचा तास असतो, तेव्हा मी ८० मिनिटं पार्किंगमध्ये गाडीत बसून असते. नऊ वर्षं, ताई. मला अभिमान वाटतो तो चुकीचा आहे का? आणि पासवर्ड मागू का?

– एक मास्तरीण आई

प्रिय मास्तरीणबाई,

शेवटून सुरुवात करते, कारण दुखलंय तिथे. ‘एक छोटीशी प्रायव्हेट शाळा’ हे तुमच्या लेकीचं उत्तर खोटं नाही. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली लीपर खटल्यात हेच सांगितलं. घरी अभ्यासक्रम ठेवून खरोखर शिकवत असाल, तर कायद्याच्या लेखी ती खासगी शाळाच. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व एवढं शिकवा म्हणजे झालं. नोंदणी नाही, तपासनीस नाही. एक विद्यार्थिनी, एक शिक्षिका, तीच मुख्याध्यापिका, तीच शिपाई आणि मधल्या सुट्टीत पोहे करणारीही तीच. याहून छोटी प्रायव्हेट शाळा कुठे सापडायची? पोरगी हुशार आहे हो. निबंधाचे ७१ असू देत, या एका वाक्याला मी ९५ देते.

मी स्वतः टेक्सासमधल्याच एका कम्युनिटी कॉलेजात २२ वर्षं गणित शिकवलं. त्यामुळे तुमचं पत्र मी दोन्ही बाजूंनी वाचू शकते, आईच्या आणि ती एका ओळीची ईमेल लिहिणाऱ्या बाईच्या. तशा ईमेली मीही लिहिल्या आहेत. लिहिताना बरं वाटत नाही, एवढं तिच्या वतीने सांगते.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे गावातलं, कमी फीचं, बहुधा दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं कॉलेज. ड्युअल क्रेडिट म्हणजे हायस्कूलच्या वयात घेतलेला कॉलेजचा विषय. तो दोन्हीकडे मोजला जातो, कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवरही, म्हणजे गुणपत्रकावरही, आणि हायस्कूलच्याही. टेक्सासमध्ये विषयाच्या आकड्यातच सगळं लिहिलेलं असतं. १३०१ मधला पहिला १ म्हणजे पहिल्या वर्षाचा विषय आणि त्यापुढचा ३ म्हणजे तीन क्रेडिट. सरकारी व्याख्येनुसार एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास वर्गाबाहेर अभ्यास धरलेला असतो. म्हणजे तीन क्रेडिटचे नऊ तास आणि दोन विषयांचे अठरा. पंधरा वर्षांच्या मुलीला हे काही कमी नाही.

घरून आलेली मुलं मला पहिल्या पंधरवड्यातच ओळखू यायची. तास संपला की बाकीचे बॅगा उचलून दाराकडे पळायचे, आणि ही मुलं टेबलापाशी येऊन विचारायची, ‘पण हे सूत्र असंच का?’ मोठ्या माणसांशी बोलायची भीती त्यांना नसायची. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांशी बोलत वाढलेली मुलं ती. दुसरीकडे, घड्याळाशी त्यांची ओळख जेमतेम. गृहपाठ रात्री ११:५९ ला बंद होतो म्हणजे खरोखरच बंद होतो, बारा वाजून एका मिनिटाने कॉम्प्युटर तो घेत नाही, हे पहिल्यांदा समजायचं तेव्हाचे त्यांचे चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत.

त्यातला एक मुलगा, असेल सोळाचा. पहिल्या चाचणीत त्याला ६४ पडले. पेपर घेऊन तो माझ्याकडे आला आणि अगदी सरळपणे म्हणाला, ‘चुकलेली गणितं मी आज पुन्हा सोडवून आणतो. मग तुम्ही नवे मार्क लिहाल ना?’ यात लबाडी नव्हती. त्याच्या घरची रीतच तशी होती. चुकलं की पुन्हा करायचं, बरोबर येईस्तोवर करायचं आणि मगच पुढच्या धड्याला हात लावायचा. शिकायची ती रीत आमच्या कॉलेजच्या रीतीपेक्षा चांगली आहे, हे मी मास्तरीण असूनही कबूल करते. पण त्या रीतीत ६४ नावाची वस्तूच नसते. एक तर येतं, नाहीतर अजून येत नाही. हे ६४ आता ६४च राहणार, असं मला त्याला सांगावं लागलं. तो गप्प झाला, पेन्सिलीने पेपरच्या कोपऱ्यात पुन्हा एकदा ६४ लिहिलं, स्पेलिंग पाठ करावं तसं, आणि गेला. पुढच्या आठवड्यात माझ्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळी, दारात उभा होता. सेमिस्टरअखेर त्याला बी मिळाला. त्या बी साठी त्याने जेवढं केलं, तेवढं माझ्या वर्गातल्या काही ए वाल्यांनी केलं नव्हतं.

आता तुमच्या घरच्या ७१ कडे येते. नऊ वर्षं तिचे निबंध कुणी वाचले? तुम्ही. तिने ‘त्या ट्रिपला’ असं लिहिलं की कुठली ट्रिप ते तुम्हाला ठाऊक. वाक्य अर्धवट राहिलं तरी तुमच्या डोक्यात ते पूर्ण व्हायचं. तुमचं शिकवणं कमी पडलं असं यात काही नाही. आईइतका भरून घेणारा वाचक जगात दुसरा नसतो, एवढंच. इंग्लिश १३०१ ची प्राध्यापिका त्या ट्रिपला नव्हती. तिला जे कागदावर दिसलं, तेवढ्याचेच तिने मार्क दिले. अनोळखी वाचकासाठी लिहायचं कसं, हे शिकवण्यासाठीच तो विषय असतो, आणि ते तुम्ही घरी शिकवू शकलाच नसता, कारण तुम्ही अनोळखी नाही. पहिल्याच निबंधाला तिला हे समजलं. दोन-तीन निबंध आणखी व्हायचे असतील. मी तिच्या जागी असते तर कॉलेजच्या रायटिंग सेंटरमध्ये मसुदा घेऊन गेले असते आणि प्राध्यापिकेच्या ऑफिस अवर्सना दार ठोठावलं असतं. समोरची खुर्ची बहुतेक वेळा रिकामीच असते. माझी तरी असायची.

पण मला खटकलं ते ७१ नाही. ते तिच्याआधी तुम्ही पाहिलेत, ते खटकलं.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. माझा मुलगा रीतसर शाळेत शिकला. त्याला हवं होतं त्या युनिव्हर्सिटीचं उत्तर आलं तेव्हा तो अंघोळीला गेला होता आणि लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा होता. मी वाचलं. तो टॉवेल गुंडाळून बाहेर येईपर्यंत माझा पुण्याला भावाला फोन झाला होता आणि दुसरा फोन चालू होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘आई, सगळ्यांना सांगून झालं? मग मी कुणाला सांगू?’ चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

बातमी ज्याची त्याने सांगायची असते. आनंदाची असली तरी, आणि ७१ ची असली तर जास्तच. तिला तो आकडा एकटीने बघायचा होता. थोडं रडायचं होतं, किंवा काहीच नाही, खांदे उडवायचे होते. मग तुम्हाला सांगायचं की नाही हे ठरवायचं होतं. चहाच्या गाळण्यासोबत ते तिच्यापुढे आलं.

म्हणून, पासवर्ड मागू नका. कायदाही तिच्याच बाजूने आहे. १९७४ च्या फर्पा कायद्याप्रमाणे मुलाने कॉलेजात पाऊल टाकलं, की त्याचं वय काहीही असो, त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. अठरा पूर्ण व्हायची गरज नाही, पंधराव्या वर्षीही जातो. टॅक्सच्या दृष्टीने मूल तुमच्यावर अवलंबून असेल तर कॉलेजला तुम्हाला माहिती देता येते, पण द्यायलाच हवी असं बंधन नाही. बरीच कॉलेजं मुलाच्या सहीचा फॉर्म मागतात. नऊ वर्षं जिच्या नोंदी तुम्ही स्वतः लिहिल्या, तिच्या नोंदी बघायला आता तिची सही लागते. हे पचायला जड आहे, मी समजू शकते.

आता कुणी म्हणेल, पंधरा वर्षांच्या पोरीवर सगळं सोडून मोकळं व्हायचं का? नाही. पंधरा म्हणजे पंचवीस नव्हे. तुमची काळजी पोकळ नाही, कारण कॉलेजचा ग्रेड चिकटतो. पुढे कुठल्याही युनिव्हर्सिटीत अर्ज करताना हे ट्रान्स्क्रिप्ट द्यावं लागतं, ‘तेव्हा मी लहान होते’ असं म्हणून ते लपवता येत नाही. तेव्हा एकदाच, ती जेवलेली असताना आणि तुम्ही रागावलेल्या नसताना, तिला विचारा की विषय सोडायची शेवटची तारीख कुठली. लाँग सेमिस्टरमध्ये, म्हणजे फॉल किंवा स्प्रिंगच्या पूर्ण सत्रात, बाराव्या दिवसापर्यंत सोडलेला विषय ट्रान्स्क्रिप्टवर दिसत नाही. ती मुदत कधीच गेली. त्यानंतर कॉलेजने ठरवलेल्या तारखेपर्यंत सोडला तर डब्ल्यू, म्हणजे ‘विषय सोडला’ असा शेरा लागतो, आणि तीही हुकली की जो काही ग्रेड पडेल तो पडेल. ती तारीख तुम्ही शोधू नका, तिला शोधून तुम्हाला सांगू दे. आणि एक करार करा. विषय हातातून जातोय असं वाटलं तर त्या तारखेच्या आधी ती स्वतः येऊन बोलेल आणि तुम्ही आधी ऐकून घ्याल. सेमिस्टरचा शेवटचा ग्रेड ती तुम्हाला दाखवेल. फी भरणाऱ्याला तेवढं कळायलाच हवं, त्यात मला काही गैर दिसत नाही. अधलेमधले आकडे मात्र तिचे.

प्राध्यापिकेला पुन्हा ईमेल करू नका. माफीचीही नको. खरं सांगते, आम्ही विसरून जातो.

तुम्ही जे थेट विचारलं नाही ते आता. घरी शिकल्याचं तिने का लपवलं? तुम्हाला वाटतंय, तिला माझी लाज वाटते. मला तसं वाटत नाही. गेली नऊ वर्षं जरा तिच्या बाजूने आठवून बघा. गणपतीला मंडळात गेलं की कुणीतरी काका तिला गाठणार. ‘शाळेत जात नाहीस म्हणे? बरं, सतराचा पाढा म्हण बघू.’ भारतात गेलं की आत्या विचारणार, ‘मैत्रिणी आहेत का गं तुला?’ शेजारीण राजधान्या विचारणार. इतर मुलांना शाळेत परीक्षा असायच्या, हिला दिवाणखान्यात. आणि त्या परीक्षेत तपासलं जायचं ते तुम्हाला. तुमचा निर्णय बरोबर की चूक, याचा पेपर दर समारंभात ती सोडवत आली. तिचा पाढा अडखळला असता तर ‘मुलगी विसरली’ असं कुणी म्हटलं नसतं, ‘बघा, तरी सांगत होतो’ असंच म्हटलं असतं. मुलांना हे कळतं. सातव्या-आठव्या वर्षीच कळतं.

त्या वर्गात ती पहिल्यांदा कुणाचा नमुना नाही. चौथ्या रांगेतली एक मुलगी आहे, जिला निबंधात ७१ पडले. ते ७१ तुमच्या बाजूने पुरावा नाहीत आणि तुमच्या विरुद्धही नाहीत. मला वाटतं तिला त्यात केवढी मोकळीक मिळाली असेल. कधीतरी ती स्वतःहून सांगेल, बहुधा गंमत म्हणून, बहुधा कॅन्टीनमध्ये. तुम्ही तिथे नसाल.

मग तुमच्या अभिमानाचं काय करायचं? तो चुकीचा आहे का, असं विचारलंत. मुळीच नाही. नऊ वर्षं रोज सकाळी उठून अपूर्णांक समजावणं, शिकवताना आपल्यालाच येत नाही हे लक्षात आलं की रात्री जागून आधी स्वतः शिकणं, लोकांचं ऐकणं आणि स्वतःचा पगार बंद होताना बघणं, याचा अभिमान नाही वाटायचा तर कशाचा वाटायचा? फक्त तो कशावर ठेवायचा ते नीट बघा. आपल्या भाषेत यासाठी शब्द वेगवेगळे आहेत आणि ते उगाच नाहीत. मिरवणं वेगळं, अभिमान वेगळा आणि कौतुक आणखी वेगळं. आयडी कार्डाचा फोटो ग्रुपवर टाकलात ते मिरवणं. माणसाने थोडं मिरवावंही, मी काही संत नाही. पण मिरवायला वस्तू आपल्या हातात असावी लागते, आणि ते कार्ड तिच्या पाकिटातलं. अभिमान आपण केलेल्या कामाचा, म्हणजे त्या नऊ वर्षांचा. तो पूर्णपणे तुमचा, त्यात मावससासूबाईंचा काडीचाही वाटा नाही. आणि कौतुक लेकीचं. कौतुक शब्दात कुतूहल दडलेलं आहे. समोरचं माणूस थोडं अनोळखी असेल, तरच त्याचं कुतूहल वाटतं. जिचं ग्रेडबुक रोज रात्री तुम्ही उघडून बघता, तिचं कुतूहल कुठून वाटणार?

मला यात गोपाळराव जोशी आठवतात. आनंदीबाईंना घरी शिकवणारा हट्टी मास्तर. त्यांच्या हट्टाला क्रूर बाजूही होती. बायकोला मारण्यापर्यंत तो गेला आणि तिने ते पुढे पत्रातून त्यांना सुनावलंही, तेव्हा तुमची तुलना त्यांच्याशी करत नाही, घाबरू नका. पण एक गोष्ट बघा. टपाल खात्यातल्या या माणसाने बायकोला इथवर आणलं आणि १८८३ साली १८ वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या त्या त्यांच्याशिवाय. फिलाडेल्फियाच्या वर्गात त्या एकट्या होत्या. पत्र पोचायला आठवडेच्या आठवडे जायचे. कुठलं ग्रेडबुक आणि कुठला पासवर्ड! मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली तेव्हा गोपाळराव सभागृहात होते, पण श्रोत्यांत. पदवीवर नाव आनंदीबाईंचं. घरच्या मास्तराची जागा शेवटी श्रोत्यांत असते. तिथपर्यंत पोचायला गोपाळरावांना मधे एक समुद्र लागला, तुमच्या मधे पार्किंगची एक रांग आहे.

त्या पार्किंगवरून आठवलं. ८० मिनिटं, आठवड्यातून दोनदा. तिथे बसून तुम्ही काय करता ते लिहिलं नाहीत. मला वाटतं, दाराकडे बघता. त्या वेळासाठी माझ्याकडे काम आहे, आणि ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला करता येणार नाही.

दोन वर्षांनी ती युनिव्हर्सिट्यांना अर्ज करेल. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक युनिव्हर्सिट्यांना चालणाऱ्या सामायिक अर्जात, घरी शिकलेल्या मुलांच्या बाबतीत हायस्कूलच्या कौन्सेलरची जागा बहुधा आई किंवा वडीलच भरतात. शाळेची माहिती, ट्रान्स्क्रिप्ट आणि कौन्सेलरचं शिफारसपत्र, तिन्ही तुमच्याकडून जाणार. म्हणजे तुमच्या अभिमानाला एक अधिकृत रकाना आहे. पण तिथे ‘माझी मुलगी अतिशय हुशार व जिज्ञासू आहे’ लिहून चालणार नाही. सगळ्यांच्या मुली अतिशय हुशार आणि जिज्ञासू असतात. तिथे हवी ती खरी हकिगत. कुठल्या वर्षी काय वाचलं, भूमिती कशावर अडली आणि कशी सुटली, कुठला विषय तिने तुमच्या इच्छेविरुद्ध धरला आणि त्याचं काय झालं, तुमची छोटीशी प्रायव्हेट शाळा नेमकी चालायची कशी. हे सगळं आत्ता आठवतंय, दोन वर्षांनी आठवणार नाही. तेव्हा येत्या मंगळवारी गाडीत एक वही ठेवा आणि पहिलीपासून लिहायला लागा. जुन्या वह्या रद्दीत गेल्या नसतील अशी आशा आहे. गेल्या असतील तर जे आठवतं ते लिहा.

त्या ट्रान्स्क्रिप्टवर दहावीच्या वर्षासमोर हे कॉलेजचं इंग्रजीही येईल. त्याचं हायस्कूलचं क्रेडिट किती धरायचं ते तुम्ही ठरवाल, कारण शाळा तुमची. शेजारचा ग्रेड मात्र कॉलेज देईल तोच उतरवायचा. बी असला तर बी, सी असला तर सी. पहिल्यांदाच तुम्ही तिचा असा ग्रेड लिहाल, जो तुम्ही दिलेला नाही. हात जरा थांबेल, मग लिहाल.

लेकीशी पासवर्डविषयी बोलायचं असेल तर एकच वाक्य पुरेल, ‘तो आकडा मी आधी बघायला नको होता.’ त्याला जोडून ‘पण’ आला की सगळं वाया. ‘पण’ फार तोंडात येतो, माझ्याही यायचा. आलाच तर चहाचा घोट घ्या.

मावससासूबाईंना अजून उत्तर दिलं नसेल, तर घाई करू नका. या देशात कम्युनिटी कॉलेजं हजाराहून जास्त आहेत. आजही चालू असलेल्या सरकारी कॉलेजांतलं सगळ्यांत जुनं इलिनॉयमधल्या जोलिएटचं, १९०१ पासूनचं. फर्स्ट लेडी असतानासुद्धा जिल बायडन व्हर्जिनियातल्या अशाच एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला जात होत्या. बहुधा १३०१ सारखंच काहीतरी, असेच ७१ देत. हे सगळं ग्रुपवर लिहावंसं वाटेल. मलाही वाटलं असतं, २२ वर्षांचा हिशोब आहे माझा. नका लिहू. लेकीला विचारा की उत्तर द्यायचं का. ती ‘जाऊ दे’ म्हणाली तर जाऊ द्या. ‘दे’ म्हणाली तर लिहा, ‘हो मावशी, तेच.’